अप्पांच्या नऊ करामती

आमच्या कचेरीत नवा माणूस रुजू झाला की अप्पा त्याचं नाव-गाव विचारत नसत. टेबलावरची मान वर न करता एकच प्रश्न टाकत, "उत्तर कुठंय?" माणूस गोंधळायचा. कुणी दाराकडे बघायचा, कुणी साहेबांच्या खोलीकडे. मी रुजू झाले त्या दिवशी घाबरून सरळ छताकडे बोट केलं होतं.

"तिकडं पाऊस असतोय बाई," अप्पा म्हणाले, "असला तर."

पुढची चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. आता मीही निवृत्त होऊन बसले आहे, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तरी कुणाच्या नव्या घरी गेले की चहा येण्याआधी उत्तर शोधते. लोकांना वाटतं ही वास्तुशास्त्र बघते.

लातूर नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघून जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. साहेब आधी आले, त्यांची खुर्ची दोन महिन्यांनी आली. कपाटं तिसऱ्याच कचेरीच्या नावाची. आणि नकाशे तर मुळापासून नवे काढायचे होते, कारण जुन्या नकाशात आमचा जिल्हाच नव्हता. अप्पा मुख्य आरेखक. ते पेन्सिलीनं नकाशा काढायचे. मी ट्रेसर, म्हणजे त्यांच्या कागदावर पातळ मेणकापड पसरून त्यांच्या रेघा शाईनं गिरवायची. शाई धरावी म्हणून कापडावर आधी शंखजिऱ्याची पूड चोळावी लागे. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर भस्म किती आणि शंखजिरं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सरकारी पेन्सिल ते घरी नेत नसत. घरची पेन्सिल कचेरीत आणत नसत. जेवणाच्या सुटीत मात्र हा माणूस अंगणातल्या लिंबाखाली जाऊन हातात लाकडी पट्टी धरायचा आणि चालायला लागायचा. चार पावलं सरळ, मग पट्टी उलटी करून मागं, मग स्वतःभोवती गिरकी, मग पट्टी डोक्यावर नेऊन हळूहळू गुडघ्यापर्यंत. तोंडानं बारीक घूं घूं चाललेलं. शिपाई म्हणायचा, "अप्पाला वारं लागलंय." आम्ही सगळे खिडकीतून बघून हसायचो. मीसुद्धा हसायचे, खोटं कशाला सांगू.

ते वारं मस्कतहून आलं होतं. अप्पांचा साडू तिकडे नोकरीला होता. तो सुटीवर येणार म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी याद्या पाठवल्या. कुणाला टेपरेकॉर्डर, कुणाला साडी, कुणाला अत्तर. अप्पांनी एक चित्र पाठवलं. दोन दांड्यांचा रेडिओचा डबा, वर लांब काडी, शेजारी दीड बोटाचं इंजिन. खाली मापं. साडूनं तो डबा आणला आणि विचारलं, "ह्याच्यावर बातम्या लागतात का?" त्यावर विमान उडतं म्हटल्यावर त्यानं डबा उलटा करून बघितला म्हणे.

विमान अप्पांनी स्वतः बांधलं. त्या कामाला लागणारं परदेशी हलकं लाकूड आमच्याकडे कुठून मिळणार? बांधावरच्या घायपाताला जो उंच दांडा येतो, तो वाळवून, चिरून त्यांनी पंखांच्या फासळ्या केल्या. वरून पतंगाचा कागद. कचेरीतलं मेणकापड त्याला इतकं चपखल बसलं असतं की मी एकदा तसं बोलले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलायला कचरत होते. इंजिनाच्या तेलात एरंडेल घालावं लागे, त्यामुळे त्यांच्या शर्टाला कायम एरंडेलाचा वास. त्यांची नातवंडं त्यांना बघून पळायची, कारण घरात एरंडेल निघालं की ते कुणाला तरी प्यावं लागायचं.

"हे कशासाठी, अप्पा?" मी एकदा विचारलं.

"तीस वर्षं गावं वरून काढायलोय बाई. वरून. आन् मी कवा वर गेलोच न्हाई. हे तरी जाऊ द्या."

त्या दिवसांची आठवण काढली की मला आधी दमल्यासारखं होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. घरी नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, कचेरीत दर सोमवारी टँकरचा नवा नकाशा. कुठलं गाव कोरडं पडलं, कुठल्या विहिरीवरून टँकर भरायचा, कुठल्या वाटेनं न्यायचा. लाल शाईची वर्तुळं वाढत चालली होती. संध्याकाळी बोटं लाल व्हायची आणि ती धुवायला पाणी जपून वापरावं लागायचं. आम्ही सगळे चिडचिडे झालो होतो. अप्पा तेवढे चिडत नसत, पण तेही थकले होते.

गावाबाहेरचा तलाव पार आटला होता. तळाची माती फरशीसारखी टणक झालेली. अप्पांनी तिच्या एका पट्ट्यातल्या भेगा माती भरून बुजवल्या आणि रविवारी सकाळी तिथून विमान उडवायला लागले. "दुष्काळानं एवढं एक चांगलं दिलं बगा," असं एकदा म्हणाले आणि लगेच जीभ चावून दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

एका रविवारी शेजारच्या शिवारातला एक म्हातारा काठी टेकत आला. मी तिथं होते, कारण तोवर माझं हसणं बंद होऊन मी रविवारी बघायला जाऊ लागले होते. म्हातारा रागावला नव्हता. हात जोडून म्हणाला, "मालक, मागल्या आयतवारी मावळतीकडं ढग आलता. तुमचा हा भुंगा वर गेला आन् ढग फाटला. सगळा गाव म्हनायलाय."

मी पदवीधर बाई. मी त्याला समजवायला लागले की ढग किती उंच, हे किती खाली. अप्पांनी मला हातानं गप्प केलं.

"केवढा ढग असला म्हंजे मी उतरवू?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. मग हात लांब करून अंगठा आभाळाकडे धरला. "एवढा."

"ठरलं."

त्या दिवसापासून आभाळात अंगठ्याएवढा ढग दिसला की अप्पा विमान खाली घेत. मला फार राग यायचा. मी म्हटलं, "अप्पा, हा निव्वळ अडाणीपणा आहे."

"आसंल की. त्यांचं सालभराचं गेलंय बाई. माझं एक उड्डाण गेलं तर काय बिगडायलंय?"

ढग तसेही फारसे येत नव्हते.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या सुमारास अप्पांच्या रेघेला बाक यायला लागला. अहमदपूरकडे जाणारा सरळ रस्ता त्यांच्या कागदावर एका ठिकाणी उगाच फुगला होता. मी गिरवताना सरळ केला. पुढच्या आठवड्यात एक वाडी ओढ्याच्या पलीकडे गेली. टँकरचा नकाशा, ओढ्याला पूल एकच. मी जुना कागद काढून खात्री केली आणि वाडी अलीकडे आणली. मग ते रोजचंच झालं. मी लवकर यायचे, त्यांचा कागद तपासायचे, शाईत सगळं जागेवर बसवायचे. वर्षभर मी एका शब्दानं बोलले नाही. मला वाटायचं, आपण त्यांच्यावर उपकार करतो आहोत आणि त्यांना ते कळत नाही.

एका रविवारी तलावात विमानाला तेल भरता भरता अप्पा स्वतःच बोलले.

"सकाळी पूजेला बसलो, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. बघायलो तर मधोमध डाग. कडंची बोटं दिसायलीत, लिंगच न्हाई. म्हनलं, देवा, हे काय मांडलंय?" सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याचा मागचा पडदा खराब होतो आहे, त्याला चष्मा नाही की ऑपरेशन नाही. "ज्याच्याकडं सरळ बघावं तेच जातंय. बाजूला बघितलं की दिसतंय."

तेव्हा मला कळलं की ते उडवताना विमानाकडे न बघता जरा शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे का बघतात. मी त्याला त्यांची ऐट समजत होते.

"तुमी माझ्या रेघा सरळ करताव, ते मला मालूम हाय," ते म्हणाले. "लोकायच्या पान्याचा सवाल म्हनून मी गप बसलो. पेन्शनीचीबी भीती वाटली. चुकलंच माझं. पन आता एक काम हाय तुमच्याकडं, तिथं असं करायचं न्हाई."

नांदेडला विमानांच्या करामतींची स्पर्धा होती. बारा करामती, ठरलेल्या क्रमानं, एका दमात. उडवणाऱ्याला आभाळावरून नजर काढता येत नाही, म्हणून त्याच्या मागं एक माणूस उभा राहतो आणि पुढच्या करामतीचं नाव मोठ्यानं सांगतो. तो माणूस मी व्हायचं होतं.

"नुस्तं नाव घ्यायचं. विमान कुठंय, कसं हाय, बोलायचं न्हाई. एकदा बारा करामती माझ्या डोळ्यानं केल्या, एवढं म्हनता आलं पायजे. मग डोळे जाऊ द्या."

मी शब्द दिला.

महिनाभर लिंबाखाली आम्ही दोघं चाललो. पुढे अप्पा पट्टी घेऊन, मागे मी वही घेऊन. करामतींना त्यांनी आपली नावं दिली होती. कोलांटी, उलटी कोलांटी, गिरकी, आडवा आठ, शेंडी, उताणं, भोवरा. शेंडी म्हणजे विमान सरळ वर चढवायचं आणि थांबलं की जागच्या जागी वळवून खाली आणायचं. खिडकीतून आता दोघांना हसत होते. एवढंच नव्हे, तरण्या बाईनं म्हाताऱ्यामागं गिरक्या घ्याव्यात यावर दोन-चार जण मागून बोललेही. माझं माहेर कंधारचं, नांदेडच्या वाटेवरून आत जावं लागतं. घरी मी माहेरी जाऊन येते असं सांगितलं, आणि येताना खरंच जाऊन आले.

एसटीत पंख चादरीत गुंडाळून अप्पांच्या मांडीवर, धड माझ्या मांडीवर. चाकूरला एक बाई चढली आणि धडाला हात लावून तिनं हात कपाळाला टेकवला. कुठल्या देवाचं म्हणून तिनं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. लोहा आल्यावर अप्पांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे मान वळवली. मग म्हणाले, "दहावी उतानी हाय. तिथं सूर्य समोर येतोय. तेवढी गेली की झालं."

नांदेडच्या माळावर हैदराबादचे, पुण्याचे लोक चकचकीत विमानं घेऊन आले होते. घायपाताचं आणि पतंगाच्या कागदाचं विमान बघून दोघं-तिघं हसले. एकानं ते उचललं, हातावर तोललं, फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि नीट, दोन्ही हातांनी परत ठेवलं. मुख्य पंच हैदराबादचे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. मला म्हणाले, "मॅडम, खाली नाम बोलना. इधर-उधर एक लफ्ज बोले तो पूरा राउंड कैन्सल."

अप्पांनी डब्याच्या दांड्यांवर अंगठे ठेवले. कपाळावर भस्म होतं, त्या दिवशी निव्वळ भस्म. विमान माळावरून पळालं आणि उचललं गेलं.

"कोलांटी," मी म्हणाले.

आणि कोलांटी झाली. वाटोळी, तलावात कधी झाली नव्हती अशी. अप्पा विमानाच्या शेजारी बघत होते. मी नाव घ्यायची, विमान ते करायचं. आडवा आठ झाला, शेंडी झाली. मागं बसलेली हैदराबादची माणसं "क्या बात है" म्हणायला लागली. सातवी जरा वाकडी गेली. आठवी झाली, नववी झाली. मला आनंदानं रडू येईल असं वाटत होतं.

"उताणं," मी म्हणाले.

विमान पाठीवर झालं आणि सूर्याकडे निघालं. त्याच वेळी माळावरून धुळीचा एक लोट उठला. अप्पांची मान जराशी हलली, डावीकडे, मग उजवीकडे. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं ते म्हणाले, "दिसंना."

मला दिसत होतं. धुळीच्या वर विमान होतं, नाक खाली झुकत चाललेलं. दोन श्वास मी गप्प राहिले. तिसऱ्याला मला राहवलं नाही.

"डावीकडं, अप्पा! नाक वर घ्या!"

त्यांना ऐकू आलं. मी मागंच उभी होते, त्यांचे अंगठे मला दिसत होते. नाक वर घ्यायचं ते उजव्या अंगठ्यानं, तो हलला नाही. डाव्या अंगठ्यानं त्यांनी इंजिनाची दांडी खाली ओढली, इंजिन बंद झालं, आणि त्यांनी दोन्ही हात डब्यावरून काढून घेतले. विमान पलीकडच्या न उगवलेल्या ज्वारीच्या रानात पडलं. आवाज फार झाला नाही, पतंगाच्या कागदाचा कितीसा होणार.

अप्पा पंचांकडे गेले. "नऊ झाल्या साहेब. दहावीत बाई बोलल्या. मी हात हलवला न्हाई, पन त्या बोलल्या."

पंचांना वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली. मग म्हणाले, "आपकी नौ बहोत अच्छी थी. मगर रूल तो रूल है."

"बरोबर हाय," अप्पा म्हणाले.

कागदावर त्यांच्या नावापुढे आडवी रेघ आली. मी गप्प राहिले असते तर विमान मोडलंच असतं, पण नऊ करामती त्यांच्या नावावर राहिल्या असत्या. त्या मी घालवल्या. हे मी कितीतरी वेळा, कितीतरी बाजूंनी विचार करून बघितलं आहे.

रानात आम्ही तुकडे गोळा केले. मी रडत होते. ते वाकून हातानं चाचपत होते. म्हणाले, "नऊ झाल्या नव्हं?"

"झाल्या."

"चांगल्या?"

"सातवी वाकडी गेली."

अप्पा एकदम हसले. "हाव! वाकडीच गेली ती. मला कळलंतं." मग मोडका पंख काखेत मारून म्हणाले, "बास की मग."

सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि आपल्याला दिसत नाही हे सांगून आले. साहेब भला माणूस होता. नोकरी गेली नाही, राहिलेल्या वर्षांसाठी त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. पण त्याआधी अप्पांनी वर्षभराचे सगळे नकाशे मागवले. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते. 'रेखाटले' पुढे त्यांची सही, 'अनुरेखन' म्हणजे गिरवणं, त्यापुढे माझी. ती 'रेखाटले'पुढची सही काढून तिथं माझी घालायची, हे त्यांनी साहेबांकडून मंजूर करून घेतलं होतं. मला ते नको होतं. मी चिडले, विनवलं. शेवटी दमून त्यांच्या शेजारी बसले.

मेणकापडावरची शाई ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते. ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. चौकटीच्या बाजूला बघत स्वतःच खरवडायचे आणि विचारायचे, "गेलं का?" मी गेलं म्हटलं की ब्लेड पुसायचे, मी सही करायची, पुढचा नकाशा. तीन दिवस हे चाललं. सगळ्यात शेवटी त्यांनी नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा ओढला.

"अप्पा, हा तुमचा आहे. डोळे चांगले असतानाचा."

"ह्यात तुमची रेघ न्हाईच?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. "जळकोटकडची एक बोटभर," मी म्हणाले. "नंतर सुधारलेली."

"मग काढायला पायजे."

त्यांनी मान वळवली आणि खरवडायला सुरुवात केली. ब्लेड चौकटीच्या दोन बोटं बाहेर, कोऱ्या कापडावर चाललं होतं. मी बघत राहिले.

"गेलं का?"

"गेलं," मी म्हणाले, आणि त्यांच्या तशाच राहिलेल्या सहीच्या खाली, माझ्या नेहमीच्याच जागी, पुन्हा एकदा माझी सही केली.